मानेवरचा डाग

—तिथं नको, साहेब. चित्रात बाकी कुठंही लावा तो कापूस, काठावर लावा, साडीवर लावा, मागची भिंत तर लख्ख करून टाका, धुरानं काळी झालीय—पण मानेवर नको. थांबा जरा. ती काडी खाली ठेवा आधी. ठेवलीत? बरं झालं. चहा घ्या, निवायला लागलाय. नाही, मी कोणी नाही हो, मी आपली सकाळी दार उघडते, केर काढते, शाळेची मुलं आली तर भिंतीला हात लावू नका म्हणते, एवढंच माझं काम. श्रीहर्ष वकिलांनी सांगितलं असेल की तुम्हाला—संस्थेचे अध्यक्ष ते—दार उघडायला एक बाई येईल म्हणून. ती बाई मी. मास्तरांची बायको? ती नाही आज. ती हुबळीला गेलीय, बहिणीकडं. तिच्याबद्दलपण सांगितलं असेल त्यांनी, म्हातारी हट्टी आहे, डोक्यानं जरा अशी झालीय, ती आली तर बोलत बसू नका, आपलं काम उरका. सांगितलं ना? असू दे, असू दे. ती इथं नाहीच तर तिची काळजी कशाला. मी फक्त एवढंच सांगते, की तो डाग नव्हे. म्हणजे डाग आहे, पण तुम्ही समजताय तसला नव्हे. बुरशी नव्हे, धूर नव्हे, पावसाचं पाणीही नव्हे—पाणी उतरतं ते त्या पलीकडच्या कोपऱ्यात, तिथं आम्ही पातेलं ठेवतो. हा तिथं असायलाच पाहिजे. पाया पडते तुमच्या, तो असू द्या.

तुम्ही पुण्याचे, मोठमोठी संग्रहालयं बघितलेले, तुम्हाला ह्या दोन खोल्या काय वाटणार—खाली वह्यापेनांचं दुकान, वर हे. सुभाष रोडवरनं बोळात वळलं तरी बोर्ड दिसत नाही, शेवग्याच्या फांद्यांनी झाकलाय. पण भोवती बघा की जरा. हे जुने वकील, ही त्यांची बायको, ह्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, हे पोस्टमास्तर. विठ्ठलराव मोरबकर म्हणजे होते कोण—शाळेत ड्रॉइंग मास्तर, बस्स. पण धारवाडात कुणाची साठी झाली, कुणी रिटायर झालं, की मोरबकर मास्तरांपुढं जाऊन बसायचं, ही रीतच पडली होती. का? कारण मास्तर माणसाला चांगलं करून द्यायचे. ह्या वकिलांच्या तोंडावर देवीचे व्रण होते, नुसती चाळण. इथं दिसतात? नाही दिसत. ह्या मोठ्या बाईंचा एक डोळा तिरपा होता, पोरी मागनं नावं ठेवायच्या. बघा कशा सरळ बघतायत. मास्तर म्हणायचे, आहे तसं फोटोवाला दाखवतो, मग माझ्याकडं कशाला यायचं. माणूस भिंतीवर जन्मभर राहणार, त्याचं व्यंग कशाला टांगायचं. त्यांच्या हाताला दया आहे असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं. मग ती माणसं गेली, घरं पाडून अपार्टमेंटं झाली, नातवंडांना भिंती पुरेनात—तेव्हा मास्तरांच्या शाळेतल्या पोरांनी घरोघरी जाऊन चित्रं मागून आणली आणि हे दालन झालं. अजून लोक येतात. परवा एक आजोबा आले, आपल्या आईपुढं बसून डबा खाऊन गेले. सगळे चेहरे असे, स्वच्छ. अख्ख्या दालनात एवढा एकच डाग आहे साहेब, आणि तुम्हाला नेमका तोच पुसायला बोलावलंय.

मला ठाऊक आहे तुम्हाला कुणी सांगितलं. नाही, श्रीहर्षला मी दोष देत नाही, तो वाईट नाही, मास्तरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, पाटी—बसायचे, म्हणजे, वकीलसाहेब. त्यांचीपण अडचण आहे. हे छप्पर बघा, वासे कुसलेत, यंदाचा पावसाळा कसा निघाला देवाला ठाऊक. पुढच्या पावसाळ्यात कौलं खाली आली तर सगळीच चित्रं गेली. तेव्हा हुबळीचे ते कापडवाले पुढं आले, कोप्पीकर रोडचे, आम्ही छप्पर घालून देतो म्हणाले, सगळी चित्रं नीट करून घ्या, पुण्याहून चांगला माणूस बोलवा. अट काही नाही. फक्त जाता जाता म्हणाले, त्या झोपाळ्यावरच्या बाईच्या मानेला बुरशी लागलीय म्हणे, तेवढी काढा. काढा म्हणजे झालं. आज ते स्वतः बघायला येणार आहेत वकिलांबरोबर, येतीलच थोड्या वेळात. म्हणून मी घाई करतेय. वकील म्हणाले, एका डागासाठी सगळं दालन घालवायचं का—सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. म्हणून तुमच्याकडं आलेय. तुम्ही शिकलेले आहात, चित्राचे डॉक्टर आहात, तुम्ही म्हणालात की डाग निघत नाही, तर ते ऐकतील. छप्परही होईल आणि—एवढं म्हणा ना. निघत नाही म्हणा.

कोण म्हणजे? ही मास्तरांची मुलगी. जयलक्ष्मी. जयू म्हणायचे. ही पंचमीला माहेरी आली होती तेव्हाचं आहे. तुमच्याकडं दिवाळीचं कौतुक, आमच्याकडं नागपंचमी. लेक दिवाळीला नाही आली तरी चालतं, पंचमीला आलीच पाहिजे. झाडाला झोपाळा बांधायचा, तिळाच्या, शेंगदाण्याच्या उंड्या करायच्या—लाडूच, आम्ही उंड्या म्हणतो. हिला हुबळीला दिली होती, मोठं घर, पिढीजात दुकान, मूळचे मिरजेकडचे पण आता हुबळीचेच. जावई देखणा, बोलायला गोड, मास्तरांना वाकून नमस्कार करायचा. दीड-दोन वर्षं झाली असतील लग्नाला. त्या पंचमीला आली ती जरा गप्पच होती. वेणी सारखी पुढं, ह्या खांद्यावर, आणि हात वेणीवर. मास्तर म्हणाले, अशी घरातल्या झोपाळ्यावर बस, ह्या हिरव्या इरकलीत तुला काढतो. बसली. मग म्हणाले, वेणी मागं टाक गं, मान दिसू दे. तिनं टाकली. मास्तरांचा हात थांबला. काय गं हे, म्हणाले. झाडाच्या झोपाळ्याची दोरी लागली अप्पा, म्हणाली ती. मास्तरांनी ब्रश परत रंगात बुडवला. तिची आईपण तिथंच होती, शेंगा सोलत. तिनं आदल्या दिवशीच बघितलं होतं. न्हाऊ घालताना. जयू नको नको म्हणत होती, माझी मी न्हाते आता म्हणत होती, पण पंचमीचं न्हाणं आईच्या हातचं असतं, आई कशी सोडेल, आई तिच्या डोक्याला तेल चोळत होती, शिकेकाई लावत होती, मग पाणी मानेवरनं जावं म्हणून मी तिचं डोकं जरा असं वळवलं आणि बघते तर—

काय झालं? असं का बघताय?

होय. मीच. मी भाग्यलक्ष्मी, मास्तरांची बायको. हुबळीला माझी बहीणबिहीण कुणी नाही. काय करू तम्मा—आमच्याकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, चालेल ना?—मास्तरांची बायको म्हणून आले असते तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत? तुम्हाला आधीच सांगून ठेवलेलं, म्हातारी डोक्यानं गेलीय. केर काढणाऱ्या बाईचं माणूस निदान चहा संपेपर्यंत ऐकतो. आता कळलंच आहे तर ऐका. कानाच्या खाली, इथं, अंगठ्याएवढा. निळा, कडेनं पिवळा पडत आलेला. आणि मान फिरवली तर पलीकडं चार, बोटं, ओळीनं. दोरीला पाच बोटं असतात का हो? मी पाणी ओतत राहिले, पाणी संपलं तरी मी तांब्या फिरवतच होते. मग विचारलं. दोरी, म्हणाली. आईला दोरी म्हणाली, अप्पांनाही दोरी म्हणाली. मी पाठवणार नव्हते तिला. जावई न्यायला आले तेव्हा मी सांगितलं, हिला ताप आहे, आठ दिवस राहू द्या. ते हसले, राहू दे की आत्याबाई म्हणाले, मीही राहतो. राहिले. जेवायला बसले, मास्तरांशी पाऊसपाण्याचं बोलत होते, उंड्यांची चव छान झालीय म्हणाले. रात्रीतच तिनं आपली पिशवी भरली. माझा हात धरून म्हणाली, आई, मला जाऊ दे, राहिले तर जास्त होईल. मी मास्तरांना उठवलं. मास्तर म्हणाले, दसऱ्याला मी जाऊन त्यांच्या वडिलांशी बोलतो, असं एकदम नको. सकाळी ती गेली. चित्र तेवढं पुरं व्हायचं होतं, पडदा, झोपाळ्याच्या कड्या. ती गेल्यावर त्यांनी पुरं केलं.

दसऱ्याच्या आधीच निरोप आला. गच्चीवरचे कपडे काढताना पाय घसरला.

एवढंच सांगायला आले होते दोघंजण, उभ्या उभ्या. पुढचं सगळं मला नीट आठवत नाही, मधले दिवस गेलेच माझे. मास्तर मात्र उठले. आयुष्यात कधी कुणाला उलट बोलले नव्हते, पण पोलिसांत गेले, वकील केला, तारखांना जात राहिले. त्यांनी कोर्टात उभं राहून सांगितलं, माझ्या मुलीच्या मानेवर बोटांचे वळ होते, मी तिचं चित्र काढताना माझ्या डोळ्यांनी बघितलेत. त्यावर समोरचा वकील म्हणाला, मग चित्र आणा. आम्ही नेलं, तम्मा. चादरीत गुंडाळून रिक्षातनं नेलं, मी मांडीवर धरलं होतं. तिथं खुर्चीवर ठेवलं, चादर काढली. सगळ्यांनी बघितलं. मान कशी होती सांगू, केवड्याच्या पातीसारखी. एवढासा ओरखडा नाही. आणि तो वकील, आवाज न चढवता, अगदी आदरानं विचारतो, "मास्तर, तुम्ही दिसतं ते काढता, की मनाचं काढता?"

ह्याला माणसानं काय सांगावं? दिसतं ते काढतो म्हणावं, तर वळ कुठं गेले? मनाचं काढतो म्हणावं, तर आताही मनाचंच सांगताय म्हणतील. मास्तर उभेच राहिले. मी मागनं बघत होते, त्यांच्या कोटाची पाठ तेवढी दिसत होती मला. जन्मभर लोकांचे डाग काढले त्यांनी, सवयच झाली होती हाताला, डोळा बघायचा आणि हात सोडून द्यायचा. आपल्या मुलीच्या वेळीही हातानं तेच केलं. त्यात खोट नव्हती हो. तिला लाज वाटू नये म्हणून सोडलं होतं. आणि त्याच चित्रानं जावई सुटले. बाहेर आल्यावर त्यांनी मास्तरांना वाकून नमस्कार केला—सगळ्यांसमोर. गुरुप्रसाद. होय, तेच. कोप्पीकर रोडचे. आज येणारे तेच, छप्पर घालून देणारे तेच. श्रीहर्षला सगळं ठाऊक आहे. तो म्हणतो, काकू, कोर्टानं सोडलंय, आता वर्षं झाली किती, त्यांनी दुसरं लग्न केलं, संसार केला, माणूस बदलतो. बदलला असेल. मी नाही म्हणत नाही. मग ह्या डागाचं त्यांना एवढं काय वाटतं, ते मला कुणीतरी सांगा. सांगते, मीच सांगते. त्यांच्या मुलीचं लग्न बेळगावला जमतंय. मुलाकडची माणसं धारवाड बघायला आली, हिंडत हिंडत इथंही आली. मुलाच्या आत्यानं ह्या चित्रापुढं उभं राहून विचारलं, ही कोण हो, आणि हिच्या मानेला काय झालंय. तिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं की ही कुठली माणसं. विचारलं म्हणून सांगितलं. गुरुप्रसादचं नाव घेतलं मी. त्या मुलीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही, तिनं काय केलंय, तिला तर जयू कोण हेही ठाऊक नसेल. पण विचारल्यावर काय म्हणू? बुरशी म्हणू?

काय म्हणालात?

नाही. नाही नाही, तसं नव्हे, तुम्ही—थांबा, माझंच बोलणं चुकलं. कोर्टात मान स्वच्छ होती, बरोबर. मग हा डाग... तो मागनं आला. म्हणजे मास्तरांनीच घातला मागनं, त्यांना राहवलं नाही, त्यांचंच चित्र, त्यांनी घातला तर कोण विचारणार? तो दिवा कशाला लावताय? उजेड आहे की खिडकीतनं. निळा दिवा आहे होय हा. मला त्यातलं काय कळतंय, तुम्हीच सांगा. वार्निशच्या वर? म्हणजे चित्र पुरं होऊन वाळल्यावर कधीतरी. हो, तेच म्हणतेय मी. ब्रशचा नाही? ...मास्तर बोटानंही लावायचे कधीकधी. नाही लावायचे. खोटं कशाला बोलू, ते बोटाला रंग लागला तर लगेच पुसायचे. तुमच्या दिव्यापुढं कुणाचं काय चालणार. तुम्ही आता म्हणणार, हा मोरबकरांचा हात नाही, दुसऱ्या कुणीतरी नंतर थापलाय, मूळ चित्रात नव्हता, म्हणून काढायलाच पाहिजे, तुमच्या शास्त्राप्रमाणं तेच बरोबर. चांगलं झालं. मी वाचवायला आले आणि माझ्याच तोंडानं तुम्हाला कारण देऊन बसले. श्रीहर्ष म्हणतो ते खरंच असेल, डोक्यानं गेलेय मी.

माझा आहे तो. माझा अंगठा. घ्या.

आता बसा, आणि शेवटपर्यंत ऐका, मग काय करायचं ते करा. कोर्टातनं आल्यावर मास्तरांनी चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि परत ब्रश धरला नाही. लोक येत राहिले, माझी साठी आहे, माझं प्रमोशन झालंय, मास्तर व्हरांड्यात बसायचे आणि हात जोडून नाही म्हणायचे. मी त्यांच्या मागं लागले. रोज. जेवायला वाढताना, अंथरूण घालताना. घाला तो डाग, म्हणायचे मी, तुम्ही बघितलाय ना, मग घाला, कोर्टासाठी नको, आपल्या घरात तरी खरं असू दे. ते म्हणायचे, "एकदा खोटं काढलं मी. आता तिथं काही घातलं तर तेही खोटंच दिसेल. मला परत लावू नकोस काढायला." मग आम्ही बोलेनासे झालो. एका घरात दोन माणसं आणि मध्ये ते पाठमोरं चित्र. वर्षं गेली अशी. मग त्यांचा उजवा हात गेला, उजवी बाजूच गेली, वाचाही अर्धी. आता हात जाऊन जाऊन काय जायचा होता म्हणा, पण गेला. ते खाटेवर, मी खाली. आणि एका दुपारी मला वाटलं, हे जातील, मग मी जाईन, मग हे चित्र कुणीतरी सरळ करून टांगेल, आणि लोक म्हणतील काय सुरेख मान आहे. मला ते सहन होईना. ते झोपले होते. मी रंगांची पेटी काढली. ट्यूबा सगळ्या वाळलेल्या, दगड नुसते. अडकित्त्यानं कापल्या. आत पोटाशी जरा जरा मऊ राहिलं होतं. रंग कालवायला मला येत होतं, त्यांचं सगळं कालवून मीच द्यायची, पण ब्रश कधी धरला नव्हता. आणि ब्रश कशाला हवा? अंगठ्यानं झालेला तो, अंगठ्यानंच लावला. इथं, कानाच्या खाली. लावला आणि वळून बघते तर मास्तर जागे. खाटेवरनं बघतायत. किती वेळ बघत होते कोण जाणे.

मला वाटलं आता रडतील, नाहीतर चिडतील. ते म्हणाले, "खाली." जीभ जड झाली होती, मला वाटलं चित्र खाली ठेव म्हणतायत. मी ठेवायला गेले तर डावा हात हलवून नाही नाही म्हणायला लागले. खाटेजवळ नेलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट लावलं चित्राला, माझ्या डागाच्या खाली, हे एवढं. "खाली हवा," म्हणाले. "कानापासनं लांब." मी चिंधीनं पुसला. तुम्ही म्हणालात ना आता, दिव्यात वर एक पुसट फराटा दिसतो म्हणून? तो माझा पहिला. मग त्यांचं बोट होतं तिथं लावला. त्यांनी डोळे बारीक केले, जुन्यासारखे, कुणाला समोर बसवून बघायचे तसे. आणि म्हणाले, "कडेनं पिवळा घे. जुना व्हायला लागला होता."

मी आईच, न्हाऊ घालताना हातानं धरलेली मान, आणि मी चुकले होते, तम्मा. ते नाही चुकले. एकदा बघितलेलं, वेणी मागं टाकल्यावर, तेवढंच. आणि एवढी वर्षं ते सगळं डोळ्यात तसंच धरून बसले होते, जागेसकट, रंगासकट, आणि मी त्यांना विचारत होते की तुम्ही बघितलाय ना. मी पिवळा लावला. त्यांनी मान हलवली. मग चित्र सरळ करून समोर ठेव म्हणाले, आणि गेले तोवर ते समोरच होतं. म्हणून म्हणते, हा हात मोरबकरांचा नाही हे खरं, पण जागा त्यांची आहे, रंग त्यांचा आहे. अंगठा तेवढा माझा. आता तुमचं शास्त्र ह्याला काय म्हणतं? मूळचा म्हणतं की नंतरचा म्हणतं? मला खरंच ठाऊक नाही. तुम्ही काढलात तर चित्र परत कोर्टातलं होईल. छप्पर होईल, कौलं नवी होतील, आणि त्याखाली ती परत तशी बसेल, काहीच न झाल्यासारखी. आणि मी किती दिवस आता? मी गेल्यावर कोण सांगणार आहे?

ती बाटली कशाला उचलताय आता?

बाटलीला बूच लावलंत. ...होय का? खरंच? परत काढणार नाही ना? नाही, तसं नव्हे, विश्वास आहे, पण मला जरा बसू द्या. वकिलांना काय सांगाल? खरंच सांगा, काय असेल ते. हा काढला तर चित्र बिघडतं असं सांगा, ते खोटं नाही. ते म्हणतील, मग छप्पर? हो. छप्पर. मला ठाऊक आहे, छप्पर जाईल हातचं. त्या जुन्या वकिलांच्या चित्रावर पाणी येईल, मोठ्या बाईंवर येईल. त्या सगळ्यांची माफी मागते मी मनातल्या मनात, रोज केर काढताना मागते. दुसरं काय करू, सांगा. तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा, मला सुचत नाही.

गाडी थांबली खाली. ऐकलंत? हा श्रीहर्षचा आवाज. आणि दुसरा—आवाज नाही बदलला. जिन्यावर आहेत. तम्मा, तुम्ही खिडकीपाशी जाऊन उभे रहा, आणि काही बोलू नका, विचारलं तरी बोलू नका, मी बोलते. घाबरू नका, मी भांडणार नाही, माझ्यात ताकद कुठाय. त्यांनी हे चित्र एकदाच बघितलंय, कोर्टात, खुर्चीवर, स्वच्छ होतं तेव्हा. डागाचं नुसतं कानावर आलंय त्यांच्या. जयू गेली, मास्तर गेले. तो नेमका कुठं होता हे बघितलेली आता दोनच माणसं आहेत, एक मी, आणि एक ते. मास्तरांची जागा चुकली असली तर तेच सांगतील.

तुम्ही व्हा बाजूला. त्यांना इथवर येऊ दे.

या, गुरुप्रसाद. असे पुढं या. अजून जरा पुढं.